हातोडी, कॉम्प्रेसरची गन की बॅटरीची गन? कोकणातल्या घरच्या सुतारकामासाठी काय घ्यावं

श्रावण लागला की कोकणात मखराचा विषय निघतो आणि हौशी माणसाला खिळ्यांच्या गनचे वेध लागतात. दुकानात गेलं की दुकानदार हवा दाबून गन चालवणारा कॉम्प्रेसर दाखवतो, मोबाईलवरच्या जाहिराती बॅटरीची गन दाखवतात आणि घरातली वडीलधारी माणसं म्हणतात, हातोडी काय मेली आहे का? तिघांचंही थोडंथोडं बरोबर आहे. मात्र पुण्या-मुंबईच्या फ्लॅटमध्ये बसून दिलेला सल्ला इथे जसाच्या तसा चालत नाही. इथली हवा दमट, वीज लहरी आणि लाकूड बहुतेक वेळा स्वतःच्याच वाडीतलं.

आधी गन काय करते ते पाहू. घरकामासाठी सगळ्यात जास्त विकली जाते ती एफ-30. ती 10 ते 30 मिलिमीटर लांबीच्या, 18 गेजच्या बारीक चुका, म्हणजे छोटे खिळे, मारते. सुतार त्यांना ब्रॅड किंवा नुसतं पिना म्हणतात. या चुकेला डोकं जवळपास नसतंच. त्यामुळे भोक इवलंसं पडतं, वर लांबी (पुट्टी) भरली की शोधूनही सापडत नाही. डोकं नसल्यामुळेच ओढ बसली की ती सरळ निघूनही येते. सांधा खरा धरतो तो फेविकॉल. चूक फक्त तो सुकेपर्यंत दोन फळ्या हलू देत नाही.

मखर आणि माटवी (गणपतीच्या वर नारळ-फळं टांगायची चौकट) शेजारी शेजारी ठेवून पाहा, फरक लगेच कळेल. मखर म्हणजे पातळ प्लाय, पट्ट्या, बीडिंग, महिरप. वजन कमी आणि सांधे भरपूर. इथे गनसारखं दुसरं हत्यार नाही. एका हाताने पट्टी धरायची, दुसऱ्याने गन टेकवून दाबायची, पट्टी तसूभर सरकत नाही. हातोडीने हेच करायला तिसरा हात लागतो. माटवीचं उलटं आहे. नारळ, काकड्या, सुपारीचे घड, सगळा भार खाली ओढणारा आणि खाली गणपती. ती चौकट ब्रॅडवर कधीही टांगू नका. तिथे स्क्रू किंवा काथ्याची पक्की बांधणी हवी. पडवीच्या रिपा, फाटक, बागेतलं बाकडं यांनाही हाच न्याय.

हातोडीबद्दल थोडक्यात. फणसाच्या किंवा सागाच्या फळीच्या टोकाला थेट खिळा मारला की फळी नसेवर उकलते, म्हणून आधी बारीक भोक पाडावं लागतं. ड्रिल आणि स्क्रू घेतले की हा त्रास संपतो आणि जोड उघडताही येतो. वर्षाला एखादा स्टूल आणि एखादं फडताळ एवढंच करणार असाल तर इथेच थांबा, पैसे वाचतील. जांभ्याच्या भिंतीत काही लावायचं असेल तरी गनचा उपयोग नाही. भोक, प्लग आणि स्क्रू हाच मार्ग.

आता कॉम्प्रेसर, कारण खरी मेख तिथे आहे. एफ-30 ला साधारण 4 ते 7 बार दाब लागतो. 24-25 लिटरची टाकी आणि एक हॉर्सपॉवरची मोटर घरच्या कामाला पुरून उरते. हिशेब सोपा आहे. टाकी 8 बारवरून साडेपाचवर येईपर्यंत साठेक लिटर हवा मिळते. एका चुकेला अर्धा ते दीड लिटर धरा. म्हणजे मोटर पुन्हा सुरू व्हायच्या आत चाळीसेक चुका आरामात होतात. मोठ्या टाकीच्या मोहात पडू नका. पॉलिशच्या स्प्रे गनचा बेत असेल तर गोष्ट वेगळी. तिला सतत हवा लागते आणि छोटं यंत्र तिथे धापा टाकतं.

ऑइलचं की ऑइल-फ्री? मी ऑइल-फ्री म्हणेन. वजनाला हलकं, माळ्यावर आडवं ठेवलं तरी तेल सांडत नाही, हवेतून तेलाचे थेंब येऊन पॉलिश खराब होत नाही. ऑइलचं यंत्र जास्त वर्षं टिकतं हे खरं, पण ते रोज वापरणाऱ्याला. घेताना प्लेटवरचे फेरे वाचा. 2800 आरपीएमचं यंत्र कर्कश असतं, 1400 चं पुष्कळ शांत. दुपारी वाडीत सगळे पडलेले असताना हा फरक तुम्हाला नाही तरी शेजाऱ्यांना नक्की कळेल.

पाण्याकडे मात्र इथे कुणाचं लक्ष नसतं. पावसाळ्यात हवा 30 अंशांची आणि आर्द्रता 85 टक्के असेल, तर अशी हजार लिटर हवा 8 बारपर्यंत दाबून थंड झाली की वीसेक ग्रॅम पाणी सुटतं, म्हणजे चारेक चमचे. ते टाकीच्या तळाशी बसतं आणि आतून गंज धरतो. काम संपलं की दाब उतरवून तळाचा नळ उघडायचा, लालसर पाणी निघेल ते निघू द्यायचं. गंजून पातळ झालेली टाकी दाबाखाली फुटू शकते, म्हणून यात आळस नको. नळीच्या आधी पाणी अडवणारा फिल्टर बसवा आणि गनमध्ये रोज दोन थेंब एअर टूल ऑइल टाका.

दुसरी अडचण विजेची. संध्याकाळी व्होल्टेज पडलं की मोटर नुसती गुरगुरते, फिरत नाही. व्होल्टेज 10 टक्के कमी झालं की तिचा जोर जवळपास 19 टक्क्यांनी घटतो. त्यात बारीक तारेचा लांबलचक एक्स्टेन्शन बोर्ड लावला की झालंच. यंत्र प्लगजवळ ठेवा आणि हवेची नळी लांब घ्या. घरच्या छोट्या इन्व्हर्टरवर ते चालवायच्या भानगडीत पडू नका, सुरू होतानाच मोटर कितीतरी पट करंट ओढते.

बॅटरीची गन ही दोन्ही दुखणी टाळते. टाकी नाही, पाणी नाही, नळी पायात येत नाही, वीज गेली तरी काम चालू. 2020 च्या जूनमध्ये निसर्ग वादळानंतर रायगड-रत्नागिरीत कितीतरी गावं दिवसच्या दिवस अंधारात होती. अशा वेळी चार्ज केलेल्या दोन बॅटऱ्या म्हणजे चैन नव्हे. पण तिची किंमत कॉम्प्रेसर आणि गन या जोडीपेक्षा जास्त. वजनही बॅटरीसकट अडीच-तीन किलो, हवेची एफ-30 त्याच्या निम्म्याहून कमी. छताची पट्टी मारताना खांद्याला ते जाणवतं. दुरुस्तीचंही बघा. हवेच्या गनचं रबरी सील गेलं तर कुठलाही जाणता कारागीर बदलून देतो. बॅटरीच्या गनमधलं सर्किट बिघडलं तर ती पार्सलने बाहेरगावी जाते.

गन कुठलीही घ्या, चुका कुठल्या घेता त्याला समुद्राकाठी जास्त महत्त्व आहे. साध्या चुका खाऱ्या हवेत गंजतात आणि पॉलिशखालून तांबूस ठिपका वर येतो. सागाशी लोखंड ओलसर राहिलं की काळा डागही पडतो. दिसणाऱ्या कामाला स्टेनलेस चुका मागवा, अगदी किनाऱ्यावर घर असेल तर 316 ग्रेडच्या. दुकानदार कुरकुरेल, मागवायला लावा.

आणि बोटं. गाठीला लागून चूक वळते आणि फळीच्या बाजूने बाहेर येते, म्हणून फळी धरलेला हात चुकेच्या लांबीपेक्षा जास्त अंतरावर हवा. डोळ्यांवर चष्मा हवाच. अडकलेली चूक काढण्याआधी नळी सोडवायची, बॅटरी असेल तर बॅटरी काढायची.

माझं मत विचाराल तर घरात जागा असेल, फर्निचरचा नाद लागला असेल आणि वीज बरी असेल, तर 25 लिटरचं ऑइल-फ्री यंत्र आणि एफ-30. काम वाडीत, बागेत किंवा दुसऱ्याच्या घरी जाऊन करायचं असेल तर बॅटरी. हे फक्त यंदाच्या मखरासाठी असेल तर काहीच विकत घेऊ नका. गावच्या सुताराकडे कॉम्प्रेसर असतो. एक दिवसासाठी भाड्याने मागा, फक्त चतुर्थीच्या आदल्या आठवड्यात नको, तेव्हा त्यालाच श्वास घ्यायला वेळ नसतो.