विभागवार मांडणी की मालिका पद्धत: विद्यापीठाच्या अभिलेखागारासाठी काय निवडावं?

विद्यापीठाच्या अभिलेखागाराचं काम नव्याने हाती घेणारे बहुतेक जण पहिला प्रश्न सॉफ्टवेअरचा विचारतात. माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. पहिला प्रश्न हा की दप्तर लावायचं कशाच्या आधाराने: ज्या विभागाचं आहे त्या विभागाखाली, की ज्या मालिकेचा (म्हणजे एकाच रीतीने सलग ठेवलेल्या वह्या-फायलींच्या समूहाचा) भाग आहे त्या मालिकेखाली? हे न ठरवता सॉफ्टवेअर घेतलं, तर आपल्या वतीने तेच उत्तर ठरवून टाकतं आणि नंतर ते बदलणं फार जड जातं.

मी दोन्ही पद्धतींत काम केलं आहे. आधी विभागवार मांडणीत, कारण तीच हातात आली होती. पुढे मालिका पद्धतीत, कारण ती मी निवडली. त्यामुळे माझं लिहिणं अगदी तटस्थ नाही. उगमाचं तत्त्व (एका निर्मात्याचे कागद दुसऱ्याच्या कागदांत न मिसळणं), मूळ क्रम (कागद मुळात ज्या क्रमाने ठेवले गेले तोच राखणं), स्तरवार वर्णन (आधी मोठ्या समूहाचं, मग त्यातल्या भागांचं) या गोष्टी पुढे गृहीत धरून चालतो.

विभागवार मांडणीमागे मोठी परंपरा आहे. एका संस्थेचं दप्तर दुसरीच्या दप्तरात मिसळू नये, हे फ्रान्समध्ये १८४१ च्या सरकारी परिपत्रकाने ठरवून दिलं. १८९८ मध्ये तीन डच अभिलेखपालांनी मांडणी आणि वर्णनाची सविस्तर नियमावली लिहिली. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराने १९४१ मध्ये ‘अभिलेख-गट’ ही कल्पना पक्की केली. अनेक विद्यापीठांची मांडणी आजही त्याच धाटणीची आहे. कुलसचिव कार्यालय हा एक गट, परीक्षा विभाग दुसरा, प्रत्येक शैक्षणिक विभागाचा वेगळा. गटाखाली उपगट, त्याखाली मालिका, मग फाईल. संदर्भ क्रमांकही तसाच पायरीपायरीने उतरतो: गट ४, उपगट २, मालिका ७, फाईल ११३.

या पद्धतीचा खरा गुण म्हणजे ती समजावून सांगावी लागत नाही. कुलगुरूंपासून नव्या मदतनिसापर्यंत सगळ्यांना विद्यापीठाची रचना माहीत असते आणि दप्तर त्याच रचनेत दिसतं. ‘रसायनशास्त्र विभागाचं काय काय आहे?’ असं विचारलं की एक पान उघडून समोर ठेवता येतं. आंतरराष्ट्रीय अभिलेखागार परिषदेचा वर्णन-मानदंड, आयसॅड-जी, याच उतरत्या रचनेला धरून बेतलेला आहे: सर्वसाधारणाकडून विशिष्टाकडे जा, वरच्या स्तरावर सांगितलेलं खालच्या स्तरावर पुन्हा सांगू नका. बाजारात मिळणारी बहुतेक साधनंही मुळात झाडासारखीच रचलेली. विभागवार मांडणी केली की मानदंड आणि साधन दोन्ही आपल्या बाजूने असतात, ही सोय मी कमी लेखत नाही.

मग मी ती का सोडली? एकाच गोष्टीपायी, आणि ती गोष्ट म्हणजे विद्यापीठाचे विभाग जागेवर राहत नाहीत.

गणित विभागाचा गणित व संख्याशास्त्र विभाग होतो. काही वर्षांनी संख्याशास्त्र वेगळं निघतं. पुढे दोन्ही मिळून एका मोठ्या संकुलाखाली येतात. परीक्षेचं काम कधी कुलसचिवांकडे असतं, कधी स्वतंत्र कार्यालयाकडे. एवढं सगळं होत असताना कागदांचं काय होतं? बहुतेक वेळा काहीच नाही. बैठकांच्या इतिवृत्ताची वही तीच राहते. लिपिक तोच, रकाने तेच, ठरावांचे क्रमांकही आधीच्या अंकापुढे चालू. एका पानावर वरचं नाव बदलतं, तेवढाच फरक. वही मात्र एकसंध बांधलेली असते. अर्धी एका गटात आणि अर्धी दुसऱ्या गटात ठेवता येत नाही.

इथे विभागवार मांडणी तीन वाटा देते. वही आधीच्या विभागाखाली ठेवा, शेवटच्या विभागाखाली ठेवा, किंवा मालिका तोडून काही वह्या इकडे आणि काही तिकडे लावा. मी तिन्ही वाटा प्रत्यक्ष वापरात पाहिल्या आहेत, एकाच दप्तरखान्यात आणि एकाच शोधसूचीत, कारण दर पिढीतल्या अभिलेखपालाने आपापल्या परीने निर्णय घेतला होता. प्रत्येक निर्णय समजण्यासारखा होता. सगळे एकत्र आले की मात्र वाचकाला कशाचाच अंदाज बांधता येत नाही.

त्याहून त्रासदायक होते ते क्रमांक. विभागाचं नाव गटाच्या क्रमांकात बसलेलं असल्यामुळे विभाग हलला की कोणाला तरी वाटायचं, आता दप्तरही नव्या जागी न्यायला हवं. दप्तर नेलं की क्रमांक बदलला. एका जुन्या प्रबंधाच्या तळटिपेतला संदर्भ घेऊन एक संशोधक आमच्याकडे आल्या होत्या. क्रमांक अचूक होता, वही आमच्याच तिजोरीखोलीत होती, आणि तरी ती सापडेपर्यंत सकाळ उलटून गेली. मधल्या काळात तिचा क्रमांक दोनदा बदलला होता आणि जुन्या-नव्या क्रमांकांची जोडयादी कोणी पुरी केली नव्हती. संशोधकाने प्रामाणिकपणे दिलेला संदर्भ पुढच्या वाचकाला वस्तूपर्यंत नेत नसेल, तर अभिलेखागाराने आपलं मूळ काम केलं असं मला म्हणवत नाही. बाकीच्या उणिवांशी मी जुळवून घेतलं असतं. ही एक सहन झाली नाही.

मालिका पद्धत नेमक्या याच दुखण्यातून निघाली. ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रकुल अभिलेख कार्यालयातले पीटर स्कॉट यांनी १९६६ मध्ये ‘अमेरिकन आर्काइव्हिस्ट’ या नियतकालिकात मांडलं की सतत बदलणाऱ्या प्रशासनात गट हा पाया ठरू शकत नाही. मालिकाच पाया धरावी. म्हणजे मालिकेचं वर्णन एका जागी, ती निर्माण करणाऱ्या कार्यालयाचं वर्णन दुसऱ्या जागी, आणि दोघांमध्ये तारखांसह जोडणी. कार्यालय बदललं तर नवी जोडणी घालायची. मालिका आणि तिचा क्रमांक जागचे हलत नाहीत.

तिथल्या राष्ट्रीय अभिलेखागारातली ए१ ही मालिका याचं उत्तम उदाहरण. १९०३ ते १९३८ या काळातल्या पत्रव्यवहाराच्या त्या फायली. सुरुवात परराष्ट्र व्यवहार खात्यात झाली, मग त्या गृह व प्रदेश खात्याकडे गेल्या, तिथून गृह खात्याकडे, पुढे अंतर्गत खात्याकडे. चार खाती, एकच मालिका. गटांच्या हिशेबाने तिचे तुकडे करावे लागले असते, नाहीतर तीन खात्यांचा तिच्यावरचा हक्क पुसावा लागला असता. मालिका पद्धतीत चारही खात्यांच्या पानांवरून ती दिसते.

विद्यापीठात हे कसं उतरतं ते सांगतो. समजा, मालिका ५६ ही एका अभ्यास मंडळाची इतिवृत्तं. तिच्या पानावर काळ, आकारमान, रकान्यांची रीत, कोणती वर्षं गहाळ आहेत, हे सगळं. निर्मात्यांच्या जागी तीन जोडण्या: अमुक सालापर्यंत गणित विभाग, मग गणित व संख्याशास्त्र, मग संकुल. प्रत्येक विभागाचं स्वतःचं पान, त्यात तो कधी निघाला, कशातून निघाला, कशात विलीन झाला. विभागाचा इतिहास एकदाच लिहायचा आणि जिथे लागेल तिथून त्याकडे बोट दाखवायचं. गटांच्या पद्धतीत हाच इतिहास आम्ही दोन-तीन ठिकाणी थोड्याफार फरकाने लिहिलेला होता, आणि एका ठिकाणी सुधारणा केली की बाकीची ठिकाणं जुनीच राहत.

निर्मात्याची नोंद अशी वेगळी ठेवायला आंतरराष्ट्रीय परिषदेचाही पाठिंबा आहे. त्यासाठीचा इसार-सीपीएफ हा मानदंड १९९६ मध्ये आला, दुसरी आवृत्ती २००४ मध्ये. म्हणजे मालिका पद्धत घेतली तर आपण मानदंडाबाहेर जातो, ही भीती बाळगण्याचं कारण नाही. ‘रेकॉर्ड्स इन कॉन्टेक्स्ट्स’ या परिषदेच्याच नव्या वर्णन-प्रारूपाची पहिली पूर्ण आवृत्ती २०२३ मध्ये निघाली. तीही झाडाऐवजी जाळ्याचा विचार करते: अभिलेख, माणसं, कार्यालयं, कामं आणि त्यांच्यातली नाती. स्कॉट यांनी साठ वर्षांपूर्वी धरलेली दिशा हीच होती, असं मला वाटतं.

आता दुसरी बाजू, कारण मालिका पद्धत फुकट मिळत नाही.

सुरुवातीचं काम जास्त आहे, आणि ते कपाटाजवळ बसून होत नाही. विभाग कधी निघाला, कोणत्या ठरावाने, त्याआधी ते काम कोणाकडे होतं, हे शोधायला विद्या परिषदेची आणि व्यवस्थापन परिषदेची इतिवृत्तं वाचावी लागतात. मला ते काम मनापासून आवडलं. पण एकट्या माणसावर संपूर्ण अभिलेखागाराचा भार असेल, तर तो वेळ कुठून काढायचा हा प्रश्न खरा आहे.

दुसरं, मालिका कुठे संपते हे ठरवायला नजर लागते. नाव बदललं म्हणून ती संपत नाही. पण वर्षवार क्रमांकांच्या जागी विषयवार फायली सुरू झाल्या, तर मी नवी मालिका धरतो, कारण कागद ठेवण्याची रीतच बदलली. याबाबत दोन जाणत्या माणसांचं मत वेगळं पडू शकतं. आपला नियम लिहून ठेवलेला बरा.

तिसरं, ही पद्धत छापील यादीत फुलत नाही. जोडण्या दिसायला संगणकावरची नोंद हवी, आणि ती जपणारी माणसं हवीत. विभाग बदलला आणि वर्षानुवर्षं कोणी जोडणी घातली नाही, तर मालिका अनाथ दिसू लागते. गटांच्या झाडात निदान फांदी तरी दिसत राहते.

सॉफ्टवेअरचं थोडक्यात. ॲटम आणि आर्काइव्हजस्पेस ही दोन मुक्तस्रोत साधनं बहुतेकांच्या यादीत असतात. दोन्हींचा मूळ घाट उतरत्या झाडाचा. दोन्हींत कार्यालयांच्या नोंदी वेगळ्या ठेवता येतात आणि त्या एकमेकींना जोडता येतात. मालिकेलाच सर्वांत वरचा स्तर मानून नोंदवलं की काम भागतं. शिकताना मला ॲटम जरा मोकळं वाटलं, पण ते बहुधा माझ्या सवयीमुळे असेल. साधनापायी पद्धत ठरवू नका, इतकंच म्हणेन.

कामांनुसार मांडणी ही तिसरी वाटही कोणी सुचवेल. एमआयटीच्या अभिलेखपाल हेलन सॅम्युअल्स यांनी १९९२ मध्ये महाविद्यालयं आणि विद्यापीठांची सात कामं मांडली: पदवी-प्रमाणपत्रं देणं, ज्ञान पोचवणं, संशोधन, विद्यार्थ्यांचं सामाजिक घडणं, संस्था चालवणं, लोकसेवा, संस्कृतीचं संवर्धन. काय जपायचं हे ठरवताना ती यादी मला अतिशय उपयोगी पडली, कारण विद्यार्थिजीवनाविषयी आपल्याकडे जवळजवळ काहीच नाही हे तिच्यामुळे लख्ख दिसतं. पण मांडणीचा पाया म्हणून ती मी घेतली नाही. एकच फाईल दोन-तीन कामांना लागू होते. शोधाचं एक दार म्हणून मात्र कामांची सूची जरूर ठेवावी.

एका ठिकाणी विभागवार मांडणीच्या मागचा जुना विचार मी तसाच ठेवला आहे, तो म्हणजे प्राध्यापकांचे खाजगी कागद आणि विद्यार्थी मंडळांनी देणगी दिलेली दप्तरं. तिथे निर्माता एकच असतो, संग्रह एकदा येतो आणि सहसा पूर्ण होतो. एका माणसाची टिपणं, पत्रं, वर्गातल्या व्याख्यानांचे खर्डे हे एकत्रच अर्थ देतात. त्यांना सुट्या मालिकांत पाहण्याने काही मिळत नाही. त्यामुळे आमच्याकडे प्रशासकीय दप्तराला मालिका आणि व्यक्तिगत कागदांना संग्रह, अशी दुहेरी सोय आहे. वाचकांना याचा त्रास झालेला माझ्या पाहण्यात नाही.

तुमचं विद्यापीठ लहान असेल, विभागांची रचना फारशी बदललेली नसेल, हाताशी माणूस एकच असेल, तर विभागवार मांडणी आजही पुरेशी आहे आणि ती निवडली म्हणून कोणी नावं ठेवू नयेत. फक्त विभागाचं नाव किंवा अंक संदर्भ क्रमांकात घालू नका. मालिकेला साधा चालता क्रमांक द्या, १, २, ३ असा, आणि ती कोणाची हे वर्णनात लिहा. एवढी एक काळजी घेतली तर पुढे पद्धत बदलावीशी वाटली तरी जुने संदर्भ शाबूत राहतात.

विद्यापीठ जुनं असेल आणि विभागांची उलथापालथ अनेकदा झालेली असेल, तर मी मालिका पद्धतीकडेच बोट दाखवीन. सगळं दप्तर एकदम उलगडायला घेऊ नका. सर्वांत जास्त हातांतून गेलेली एक मालिका निवडा. आमच्याकडे ती प्रवेशाच्या नोंदवह्यांची होती, तुमच्याकडे कदाचित निकालपत्रांची असेल. तिच्या साऱ्या निर्मात्यांची पानं आधी लिहा, तारखांसह जोडा, आणि ती नोंद दप्तराशी अजिबात परिचय नसलेल्या माणसाला दाखवून एखाद्या ठरावीक वर्षाची वही शोधायला सांगा. ते कुठे अडतात, हे पाहिलं की पुढच्या मालिकेची नोंद कशी करायची ते समजतं.