सही जुळत नाही म्हणणाऱ्या बँकेत रात्री सव्वादोनला ठेव मोडली जाते

माझे बचत खाते आणि मला न विचारता मोडली गेलेली मुदत ठेव यांतून मिळून 3,14,497 रुपये चोरीला गेले. व्यवहार तीन झाले: 49,999, 1,99,499 आणि 64,999 रुपयांचे. या तिन्ही व्यवहारांवर बँकेने आयएमपीएसचे, म्हणजे तत्काळ पैसे पाठवण्याच्या सोयीचे, शुल्क म्हणून अनुक्रमे 5.90, 17.70 आणि 5.90 रुपये कापून घेतले. म्हणजे घरावर दरोडा पडला आणि दरोडेखोरांचे गाडीभाडेही घरमालकिणीकडूनच वसूल झाले. खात्यात 5,031.50 रुपये उरले. एका सहकारी संस्थेत लेखापाल म्हणून मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब पैशापैशाने तपासले आहेत, त्यामुळे हे आकडे लिहिताना किती लाज वाटते ते सांगत बसत नाही.

केवायसीच्या, म्हणजे ग्राहकाची ओळख पडताळण्याच्या, नावाने येणारे बनावट संदेश, उघडताच फोनवर ॲप बसवणाऱ्या एपीके फाइल आणि परस्पर वाचले जाणारे ओटीपी हा प्रकार आता सर्वांना ठाऊक आहे. मलाही होता. तरीही मी फसले, कारण त्याच आठवड्यात माझ्या खऱ्या बँकेचा खरा संदेश आला होता की माझी केवायसी प्रलंबित असून ती वेळेत न केल्यास खात्यावरील व्यवहारांवर निर्बंध येतील. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कमी जोखमीच्या ग्राहकाला हे दर दहा वर्षांनी करावे लागते आणि माझी मुदत खरोखरच संपत आली होती. मी कऱ्हाडच्या शाखेत गेले तेव्हा खिडकीवरच्या मुलाने मान वर न करता, “ॲपवरूनच होतं ते, इथे गर्दी करू नका,” असे सांगून मला परत पाठवले. अशा वेळी व्हॉट्सॲपवर बँकेचे बोधचिन्ह लावलेला संदेश येतो, पाठोपाठ शुद्ध मराठीत बोलणाऱ्या माणसाचा फोन येतो, तो शाखेचे नाव बरोबर सांगतो आणि “मॅडम, तुम्हाला शाखेत यायची गरज नाही,” असे अदबीने म्हणतो, तेव्हा तो चोर आहे असे कोणत्या खुणेवरून ओळखायचे होते, हे मला बँकेने सांगावे.

खुणा होत्या, हे आता कळते. पण त्यांतील बहुतेक खुणा माझ्या खऱ्या बँकेच्या वागण्यातही होत्याच. त्या संदेशासोबतच्या एपीके फाइलमधून फोनवर बसलेल्या बनावट ॲपने ग्राहक क्रमांक, पासवर्ड, डेबिट कार्डाचे शेवटचे आकडे आणि एटीएमचा पिन मागितला. बँकेच्या खऱ्या ॲपची नोंदणी करताना यातले जवळजवळ सगळे मी याआधी भरलेले होते. बनावट ॲपने एसएमएस वाचण्याची परवानगी मागितली. खऱ्या ॲपनेही सिमकार्डाची पडताळणी करायची म्हणून ती मागितली होती आणि दिल्याशिवाय ते पुढे सरकतच नव्हते. “सुरक्षेसाठी” पासवर्ड बदला, “सुरक्षेसाठी” ॲप अद्ययावत करा, “सुरक्षेसाठी” पुन्हा लॉगिन करा, अशा हुकमांना वर्षानुवर्षे निमूटपणे ‘होय’ म्हणण्याची सवय बँकेनेच लावली. चोराला फक्त पुढचा हुकूम सोडायचा होता.

एक खूण मात्र खऱ्या ॲपमध्ये कधीच नसते आणि तिथे माझे बोट थांबायला हवे होते. हे ॲप फोनचे मुख्य एसएमएस ॲप म्हणून ठेवायचे का, असा प्रश्न पडद्यावर आला. त्याचा अर्थ असा की यापुढे येणारा प्रत्येक संदेश आधी त्या ॲपच्या हाती पडणार आणि तो मला दाखवायचा की नाही हे तेच ठरवणार. मी प्रश्न वाचला, आणि फोनवरच्या माणसाला विचारलेही. “हो मॅडम, ओटीपी आपोआप भरला जावा म्हणून आहे ते, तुम्हाला टाइप करायचा त्रास नको,” असे तो म्हणाला. ओटीपीची मुदत संपण्याच्या आत तो नीट वाचून भरताना माझी जी तारांबळ उडते ती आठवून मला ते पटले. कोणत्याही बँकेचे ॲप हा प्रश्न विचारत नाही. तो दिसला तर फोन ताबडतोब विमान स्थितीत टाका.

दुसरा क्षण त्याच संध्याकाळचा आहे आणि तो अजून डोक्यातून जात नाही. औषधांच्या दुकानात मी यूपीआयने 486 रुपये दिले. काउंटरवरच्या डब्यातून रक्कम जमा झाल्याची घोषणा झाली, दुकानदाराने पिशवी पुढे केली, पण माझ्या हातातला फोन थरथरला नाही. एरवी पैसे गेल्याचा संदेश दुकानाची पायरी उतरण्याआधी येतो. त्या दिवशी दुपारपासून एकही संदेश आलेला नव्हता, कर्जाच्या जाहिरातीसुद्धा नाहीत. मी फोन उलटसुलट करून पाहिला, रेंज नसेल असे मनाशी म्हटले आणि घरी आले. त्या वेळी चोराने माझा रुपयाही हलवलेला नव्हता. तिथल्या तिथे दुकानदाराच्या फोनवरून बँकेला कळवून खाते गोठवले असते तर हे लिहिण्याची वेळ आली नसती. फोन अचानक गप्प झाला तर रेंजला दोष देऊ नका. दुसऱ्याच्या फोनवरून स्वतःला एक एसएमएस पाठवून पाहा.

रात्री 2 वाजून 13 मिनिटांनी माझी 2,75,000 रुपयांची मुदत ठेव मुदतीआधी मोडली गेली, दंडाचे व्याज कापून 2,81,346 रुपये बचत खात्यात आले आणि लगेच एक नवे लाभार्थी खाते जोडले गेले. नव्या लाभार्थ्याला पहिल्या काही तासांत पन्नास हजारांपर्यंतच रक्कम पाठवता यावी, अशी सुरक्षेची अट बँकेने घातली आहे. चोराने ती इमानेइतबारे पाळली: आधी 49,999 रुपये पाठवले, मुदत संपेपर्यंत थांबला आणि सकाळी उरलेले दोन व्यवहार केले. दुपारी विम्याचा 11,840 रुपयांचा हप्ता भरताना ‘अपुरी शिल्लक’ असे आले तेव्हा मला कळले. बँकेने ईमेलवरही सूचना पाठवल्या होत्या, असे आता सांगितले जाते. ज्या ईमेलवर तीच बँक रोज क्रेडिट कार्ड विकते ती रात्री दोन वाजता उघडून बसणारा ग्राहक मला तरी दाखवा.

आता ही तुलना करून पाहावी. मागच्या वर्षी याच शाखेत मी स्वतः उभी राहून 40,000 रुपये रोख काढायला गेले, तेव्हा ‘सही जुळत नाही’ म्हणून मला पुन्हा सही करायला लावली, मग आधार कार्ड मागितले, मग अधिकाऱ्याकडे पाठवले. संधिवाताने बोटे आखडली आहेत, सही थोडी हलते, हे सांगूनही उपयोग झाला नाही. त्या दिवशी चिडले होते, पण निदान कुणीतरी माझ्या तोंडाकडे पाहिले होते. काउंटरवर ठेव मोडायला गेले तर मूळ पावती, सही, कारण आणि वर ‘कशाला मोडता’ असा उपदेश. मध्यरात्री, याआधी कधीही न वापरलेल्या फोनवरून, निवृत्त बाईची ठेव मोडून अनोळखी खात्यात पैसे जातात, तेव्हा त्याच बँकेला एकही शंका येत नाही.

रोखीचा पुरस्कार मी आंधळेपणाने करत नाही. 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतरच्या रांगेत मी उभी राहिले आहे, आणि पतीच्या आजारपणात पुण्याच्या रुग्णालयात अनामत भरताना फोनवरची बँक देवासारखी धावून आली, हेही खरे आहे. एटीएममधून मोफत मर्यादेपलीकडे पैसे काढायचे तर 1 मे 2025 पासून दर वेळी 23 रुपयांपर्यंत शुल्क मोजावे लागते, म्हणजे रोखही आता फुकट राहिलेली नाही. पण कऱ्हाडच्या स्टँडवर एकदा माझी पर्स मारली गेली तेव्हा 1,700 रुपये गेले आणि तिथेच विषय संपला. खिसेकापूला माझी मुदत ठेव मोडता आली नव्हती.

यानंतर जे घडले ते चोरीपेक्षा अधिक मनस्ताप देणारे आहे. सायबर फसवणुकीच्या तक्रारीसाठीचा 1930 हा हेल्पलाइन क्रमांक बराच वेळ व्यस्त लागला, पण लागल्यावर तिथल्या मुलीने नीट माहिती घेतली आणि पोच क्रमांक दिला, याची नोंद करणे न्यायाचे होईल. शाखेत मात्र, जिथे मला इतकी वर्षे ‘मॅडम’ म्हणत, तिथे एकदम ‘आजी’ झाले. “आजी, ओटीपी तुमच्याच नंबरवर गेला, तुम्हीच सांगितला असणार.” मी एकही ओटीपी कुणाला सांगितला नाही, मला एकही ओटीपी दिसलासुद्धा नाही, हे पुन्हा पुन्हा सांगूनही कागदावर ‘ग्राहकाने ओटीपी दिला’ असेच लिहिले गेले. पोलीस ठाण्यात गेले तर सायबर विभागाकडे जा म्हणाले, सायबर विभागात रक्कम लहान आहे म्हणून पुन्हा ठाण्यात जा म्हणाले. माझी आयुष्यभराची शिल्लक लहान ठरवण्याचा अधिकार यांना कुणी दिला, असे विचारावेसे वाटले. गुन्हा नोंदवण्याऐवजी ‘अर्ज’ घेतला. फसवणुकीला भारतीय न्याय संहितेचे कलम 318 आहे, माहिती तंत्रज्ञान कायद्याचे 66क आणि 66ड आहे. ही कलमे तक्रारदाराने पोलिसांना वाचून दाखवावी लागत असतील तर ती छापली तरी कशाला?

रिझर्व्ह बँकेचे 6 जुलै 2017 चे परिपत्रक मी लेखापालाच्या सवयीने ओळ न ओळ वाचले आणि प्रत्येकाने ते वाचून ठेवावे. दोष ग्राहकाचाही नाही आणि बँकेचाही नाही अशा प्रकरणात तीन कामकाजी दिवसांत कळवल्यास ग्राहकाची जबाबदारी शून्य. चार ते सात कामकाजी दिवसांत कळवल्यास साध्या बचत खात्याला जास्तीत जास्त 10,000 रुपये. कळवल्यापासून दहा कामकाजी दिवसांत बँकेने रक्कम तात्पुरती खात्यात जमा करायची आणि 90 दिवसांत निकाल द्यायचा. ग्राहकाची जबाबदारी सिद्ध करण्याचा भार बँकेवर आहे, असेही त्यात स्पष्ट म्हटले आहे. मी त्याच दिवशी कळवले. तात्पुरती रक्कम जमा झाली नाही. आले ते एक इंग्रजी पत्र, ज्यात ‘ग्राहकाचा निष्काळजीपणा’ एवढेच कारण होते आणि पुरावा म्हणून काहीही जोडलेले नव्हते. ग्राहकाने गोपनीय माहिती दिल्यास कळवण्यापूर्वीचे नुकसान त्याचेच, हे कलम त्यात आहे हे मला मान्य आहे. पण ठेव मोडणाऱ्या फोनची नोंद बँकेकडे कधी झाली, तो कुठून वापरला गेला आणि त्यावर कोणतीही अतिरिक्त पडताळणी का झाली नाही, या माझ्या लेखी प्रश्नांना उत्तर नाही. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते हेच.

म्हणून बँकेशी तोंडी बोलू नका. प्रत्येक अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर तारखेसह शिक्का घ्या. शिपाई ‘साहेब जेवायला गेलेत’ म्हणाला तर साहेब जेवून येईपर्यंत तिथेच बसा. ॲपमधील हस्तांतरणाची मर्यादा आजच कमी करा. मी ती 5,000 वर आणली आहे आणि जास्त लागेल तेव्हा वाढवण्याचा कंटाळा करत नाही. शाखेत कागदी पावतीवर काढलेली तुमची ठेव फोनवरून मोडता येते का, हे लेखी विचारा आणि येत असेल तर ती सोय बंद होते का तेही विचारा. बँकांची संकेतस्थळे आता ‘डॉट बँक डॉट इन’ने संपतात आणि बँकांनी सेवेचे फोन 1600 ने सुरू होणाऱ्या क्रमांकांवरून करावेत असे रिझर्व्ह बँकेचे म्हणणे आहे, मला मात्र विमा विकणारे बँकेचे फोन अजूनही साध्या मोबाइलवरूनच येतात, तेव्हा या खुणेवर किती विसंबायचे ते ज्याचे त्याने ठरवावे. फोन स्वच्छ करण्यापूर्वी त्यातील फाइल, क्रमांक आणि गप्पांची छायाचित्रे दुसऱ्या फोनवर काढून ठेवा. दुकानातल्या मुलाने माझा फोन ‘साफ करून’ दिला आणि पोलिसांनी नंतर नेमकी तीच फाइल मागितली.

बँकेचे उत्तर पटले नाही किंवा 30 दिवसांत आलेच नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते. माझी तक्रार तिथे ‘प्रक्रियेत’ आहे. 1930 वर केलेल्या नोंदीमुळे परराज्यातील एका खात्यात 38,400 रुपये रोखून धरले गेले आहेत. ते परत मिळण्यासाठी न्यायालयाचा आदेश आणा असे मला सांगण्यात आले आणि त्यासाठी वकिलांनी 9,000 रुपये सांगितले. आधी गेलेल्या पैशांत आणखी भर घालण्याची माझी तयारी नसल्याने पुढच्या आठवड्यात तो अर्ज मी स्वतःच लिहून न्यायालयात देणार आहे.