शहापुरातली भाड्याच्या पुस्तकांची लायब्ररी – पोरांना डोकं चालवायला लावते

पाचपैकी साडेचार. अर्धा का कापला ते खाली सांगते.

बेळगावच्या शहापुरात बाजाराच्या आतल्या गल्लीत आहे, बोर्ड बारीक, चुकून पुढं जाल. डिपॉझिट 300, महिन्याला 80 रुपये, एका वेळी दोन पुस्तकं. मराठी जास्त, कन्नडचं एक कपाट, आणि खालच्या फळीवर चांदोबाचे बाइंडिंग केलेले जुने अंक! चांदोबा बंद पडून कितीतरी वर्षं झाली, शंकर यांनी काढलेलं ते खांद्यावर प्रेत आणि हातात तलवार घेतलेल्या विक्रमाचं चित्र दिसलं आणि मी आतच शिरले.

माझी लेक चौथीत, इंग्लिश मीडियम, मराठी बोट ठेवून वाचते. तिला वेताळाची गोष्ट दिली. शेवटी वेताळ विचारतो ना, सांग राजा चूक कुणाची, माहीत असून गप्प बसलास तर डोक्याची शकलं होतील, आणि लगेच खाली राजाचं उत्तर. ती तसंच पुढं वाचायला लागली तर काउंटरवरच्या काकांनी पानावर तळहात ठेवला, म्हणाले, "थांब गं बाळ, आधी तू सांग." दोन-तीन मिनिटं वेणीचं टोक तोंडात घालून गप्प उभी. मग तिचं उत्तर राजापेक्षा वेगळंच निघालं आणि रिक्षात घरापर्यंत माझ्याशी भांडत आली की राजाच चुकलाय म्हणून.

हेच पाहिजे होतं मला, उत्तर आयतं हातात न देणं. मागच्या महिन्यात एक पिक्चर बघितला, त्यात एक जुनं घड्याळ दाखवून बाप कोण ते कळतं, तर तेच घड्याळ फ्लॅशबॅकमध्ये तीनदा, आणि वर मित्र तोंडानं पण सांगतो. अहो पहिल्यांदाच कळलं होतं आम्हाला! उलट फँड्रीत शेवटी त्या पोराचा, जब्याचा दगड सरळ आपल्यावर येतो आणि पिक्चर संपतो, कोणी काही समजावत बसत नाही, आमच्या घरी त्या रात्री जेवताना दुसरा विषयच नव्हता.

मला काकांनी जीए दिले, म्हणजे जी. ए. कुलकर्णी, त्यांचा कथासंग्रह काजळमाया. जीए आपल्याच जिल्ह्यात एकसंब्यात जन्मलेले, धारवाडात शिकवायचे, पण अवघड आहेत अवघड आहेत ऐकून मी कधी हात लावला नव्हता. एक गोष्ट दोनदा वाचली तेव्हा कुठं अर्धी कळली, पण सोडवेना, कारण माणसं आणि जागा डोळ्यासमोर उभ्या राहतात, धरायला काहीतरी मिळतं आणि मग आपलं आपण शोधत जायचं. वाचकाला कळूच नये म्हणून लिहिलेलं पण असतं, तसलं मात्र मी परत करते.

आता अर्धा स्टार. लहान मुलांची नवी पुस्तकं कमी, आणि आहेत त्यात शेवटी चौकटीत तात्पर्य छापलेलं, लेक थेट तिथंच उडी मारते.

सोमवारी बंद. संध्याकाळी पाचनंतर जावा, काका तेव्हाच असतात, सकाळी त्यांचा मुलगा बसतो, तो नुसती एंट्री करून देतो.