युरोप की दक्षिण अमेरिका?

पोह्याच्या पैजेसाठी मोहननगरातला एक भाचा अडून बसलाय: अमेरिका खंडातल्या फुटबॉल विश्वचषकाला संघ कुठला धरू, युरोपचा की दक्षिण अमेरिकेचा?

इतिहास म्हणतो, खंड बघ. २०२२ पर्यंत युरोपात ११ स्पर्धा झाल्या. बाहेरचा विजेता एकच, १९५८ चा ब्राझील. अमेरिका खंडात ८. तिथून चषक युरोपात नेला फक्त जर्मनीने, २०१४ ला.

ऊन युरोपला जड जाईल? १९९४ ला अमेरिकेत युरोपच्या टीव्हीसाठी भरदुपारी सामने ठेवले होते. नागपूरकराला वेगळं काय सांगायचं! पण दक्षिण अमेरिकेचेही बरेच खेळाडू आता युरोपातच खेळतात.

अंतरात तर गंमतच. न्यूयॉर्कला ब्यूनोस आयर्सपेक्षा लंडन जवळ.

स्पर्धा युरोपात असेल तर डोळे मिटून युरोप. ब्राझील-अर्जेंटिनाकडे असेल तर दक्षिण अमेरिका. उत्तर अमेरिकेत मात्र खंड विसर, संघाची आजची ताकद बघ.