पार्मोवरचं चीज: पार्मेझान, मोझरेला की चेडर?

मिडल्सबरोत राहायला आलं की महिन्याभरात कुणीतरी पार्मो खायला घालतंच. इंग्लंडच्या ईशान्येकडच्या टीसाइड भागातला हा टेकअवेचा पदार्थ. चिकनचा तुकडा ठोकून ताटाएवढा पसरट करायचा, ब्रेडक्रम्समध्ये घोळवून तळायचा, वर व्हाइट सॉसचा थर द्यायचा आणि त्यावर भरपूर चीज घालून ग्रिलखाली वितळवायचं. येतो तो बहुतेकदा पिझ्झाच्या खोक्यात, सोबत चिप्स, सॅलड आणि लसणाचा सॉस. दोनचारदा खाल्ला की घरी करून बघावासा वाटतो, आणि मग सुपरमार्केटात गेल्यावर प्रश्न पडतो की यातलं नक्की कुठलं चीज उचलायचं.

नावावर गेलात तर फसाल. पार्मो म्हणजे ‘पार्मेझान’चंच तोंडी रूप, आणि काही जण अजूनही पूर्ण नावच घेतात. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैन्यात आचारी असलेल्या निकोस हॅरिस यांनी पुढे मिडल्सबरोच्या लिन्थॉर्प रोडवर रेस्टॉरंट काढलं आणि १९५८ च्या सुमारास तिथे हा पदार्थ सुरू केला, असं सांगतात. तेव्हा तो पोर्कचा असे, आता चिकनचा जास्त चालतो. वरचं चीज मात्र बहुतेक ठिकाणी चेडरच असतं.

ओळखायचं कसं? खोकं उघडल्या उघडल्या काट्याने एक कोपरा उचला. मोझरेला असेल तर पाकाला सुटते तशी लांब तार सुटते आणि चव दुधासारखी सौम्य लागते. चेडरची तार बोटभर येऊन तुटते, कडेला पिवळसर तेलाचा बारीकसा तवंग दिसतो आणि जिभेवर किंचित आंबूस, खमंग चव राहते. लांब तारही आहे आणि चेडरची चवही आहे, तर दोन्हींचं मिश्रण समजा. पिझ्झा करणाऱ्या दुकानात तेच किसलेलं मिश्रण पार्मोवरही पडणं अगदी साहजिक आहे. केशरी रंगावरून मात्र काही ठरवू नका. रेड लेस्टर या इंग्लिश चीजचा आणि रंगीत चेडरचा तो रंग शेंदरीच्या बियांचा असतो. त्याने चव बदलत नाही.

आता घरच्यासाठी. पार्मेझान वर पसरायला घेऊ नका, असं मी स्पष्टच सांगेन. ते किमान १२ महिने मुरवलेलं, कोरडं चीज. ग्रिलखाली पसरत नाही, जागच्या जागी करपतं, आणि सॉसमध्ये मीठ असतंच, त्यात याचा खारटपणा वाढतो. चमचाभर सॉसमध्ये ढवळलंत तर छान लागतं, तेवढंच. शिवाय अस्सल पार्मेझानमध्ये वासराच्या जठरातलं रेनेट, म्हणजे दूध गोठवणारं द्रव्य, असतंच. घरात कुणा शाकाहाऱ्यासाठी वांग्याचा पार्मो करणार असाल तर हे आधी लक्षात घ्या. ब्रिटनमधली बरीच चेडर शाकाहारी रेनेटची असतात, पाकिटावर तसं लिहिलेलं असतं.

नुसतं मोझरेला गरम असेपर्यंत सुरेख दिसतं. गार झालं की चिवट होतं, आणि पार्मो एवढा मोठा असतो की शेवटचे घास गारच होतात. पाण्यातला ताजा गोळा तर नकोच. त्याचं पाणी सॉसमध्ये उतरतं आणि खालचा कुरकुरीत थर मऊ पडतो.

राहिलं चेडर, पण तेही कुठलं ते महत्त्वाचं. पहिल्यांदा मी हौसेने एक्स्ट्रा मॅच्युअर, म्हणजे खूप मुरवलेलं, आणलं होतं. चव जबरदस्त होती, पण ग्रिलखाली तेल सुटून मिसळीच्या कटासारखं वर तरंगलं आणि खाली चीज रवाळ झालं. चीज जितकं मुरतं तितकी त्यातली प्रथिनं तुटत जातात, म्हणून जुनं चीज तेल धरून ठेवत नाही. अगदी माइल्ड घेतलं तर वितळतं झकास, पण तळणीच्या आणि सॉसच्या चवीपुढे ते लागतच नाही. मीडियम चेडर यासाठी सगळ्यात योग्य. एका पार्मोला मी साधारण १०० ग्रॅम घेते. तार हवीच असेल तर त्यातला पाव भाग मोझरेला घ्या, पिझ्झासाठी मिळतं ते, कमी पाण्याचं.

किसलेलं पाकीट सोयीचं खरं, पण किस चिकटू नये म्हणून त्याला बटाट्याचा स्टार्च लावलेला असतो, त्यामुळे ते एकसंध वितळत नाही. वडी आणून जाड किसणीवर किसा. सॉस गरम असतानाच चीज कडेपर्यंत पसरा, नाहीतर उघडे राहिलेले ब्रेडक्रम्स आधी जळतात. मध्यभागी बुडबुडे येऊन बदामी ठिपके दिसायला लागले की लगेच बाहेर काढा.