पडून चालवायची तीनचाकी: गाडी झकास, पण एका पुलीने जीव खाल्ला

आयडलर, म्हणजे साखळी वाकवून नेणारी पुली, तुटला म्हणून लिहायला बसले आहे. एरवी सगळं सुरळीत चाललंय तर उगाच दृष्ट कशाला लावा, म्हणून गप्पच होते.

गाडीची कुळकथा थोडक्यात. कानाच्या आतल्या बिघाडाने माझा तोल गेला आणि डॉक्टरांनी दोन चाकांवर बसायला कायमची बंदी घातली. जन्म पुण्यात सायकलवर गेलेला, त्यामुळे रिक्षावाल्यांच्या मर्जीवर जगणं जमेना. बंगळुरूच्या एका इंजिनियरने जर्मनीहून परतताना आणलेली रिकम्बंट, म्हणजे पडून चालवायची, तीनचाकी विकायला काढली होती. दिवाळीच्या आधी सव्वा लाखाला घेतली, ट्रान्सपोर्टचे वेगळे. तिकडे नवीला तीन हजार युरोच्या पुढे मोजावे लागतात, तेव्हा मनाची समजूत घालायला हिशेब बरा होता. पुढे दोन चाकं, मागे एक. पुढची २० इंची, मागचं २६. पुढच्या दोन्ही चाकांना डिस्क ब्रेक, जाळीचं सीट. बाकीचे आकडे कुठेही मिळतील. कंपनीचं आणि पार्ट मागवून देणाऱ्या विक्रेत्याचं नाव लिहीत नाही, भांडण अजून मिटलेलं नाही.

आता आयडलर. या गाडीत पायडल पुढे आणि ओढणारं चाक मागे. साखळी साध्या सायकलच्या जवळजवळ तिप्पट लांब, तीन पाकिटं जोडून करावी लागते. ती सरळ नेली तर सीटमधूनच जाईल, म्हणून सीटखाली एका पुलीवरून तिला वाकवून नेतात. ती पुली म्हणजे आयडलर. वरच्या बाजूची साखळी ताणाची असते. पायडलवर तीस किलोचा जोर दिला तर मधल्या चकतीवर साखळीत त्याच्या दुप्पट ताण येतो, छोट्या चकतीवर तिप्पट. त्या ताणाचा चांगला हिस्सा या लिमलेटच्या गोळीएवढ्या जीवावर. आणि कंपनीने तिथे काय बसवलं होतं? साध्या पत्र्याच्या झाकणाचं बेअरिंग! चिखलाचं पाणी मागच्या चाकावरून थेट तिथेच उडतं. आषाढात कुरकुर सुरू झाली, श्रावणात पुली अडकली, आणि अडकलेल्या पुलीवरून साखळी घासत राहिली तशी तिच्या प्लॅस्टिकमध्ये खाच पडत गेली. शेवटी नळ स्टॉपच्या अलीकडे काडकन दोन तुकडे.

विक्रेत्याला फोन केला. "फक्त पुली मिळणार नाही मॅम, पूर्ण असेंब्ली घ्यावी लागेल." म्हणजे पुली, ब्रॅकेट, बोल्ट, दोन्ही नळ्या, एक स्टिकरसुद्धा. चौदा हजार रुपये, आणि सहा ते आठ आठवडे. मी विचारलं, ब्रॅकेट चांगला असताना ब्रॅकेट का घेऊ? उत्तर: "सिस्टिममध्ये तसंच आहे." तुटलेल्या पुलीचे फोटो पाठवले, तर "ही वेअर अँड टेअर आहे, वॉरंटी पहिल्या मालकालाच असते." सेकंडहँड गाडीला वॉरंटी मागतेय कोण? मी पैसे देऊन एक पुली मागत होते.

इथे थोडं विषयांतर. अशा गाड्यांचे सुटे भाग सरसकट का मिळत नाहीत याचं एक मूळ १९३४ सालात आहे. त्याच्या आदल्या वर्षी, ७ जुलै १९३३ रोजी, फ्रान्सिस फोर नावाच्या दुसऱ्या फळीतल्या फ्रेंच सायकलपटूने पॅरिसमध्ये शार्ल मोशेने बनवलेल्या पडून चालवायच्या 'व्हेलोकार'वर तासात ४५.०५५ किलोमीटर काटले आणि ऑस्कर एगचा १९१४ पासूनचा ४४.२४७ चा विक्रम मोडला. झालं, पोटदुखी सुरू. आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेने पुढच्या वर्षी स्पर्धेतल्या सायकलची व्याख्याच अशी केली की ही जात बाद. मग मोठे कारखानदार तिकडे फिरकले नाहीत, आणि आज एकेक छोटी कंपनी आपापल्या मापाची पुली घेऊन बसली आहे. नव्वद वर्षांपूर्वीच्या त्या रुसव्याचे चौदा हजार मी का भरू?

नाही भरले. भवानी पेठेत एक लेथवाले चाचा आहेत, तुटके तुकडे त्यांच्या पुढ्यात ठेवले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून ते जुळवले, व्हर्नियर लावला आणि म्हणाले, "ताई, नायलॉन नको. नायलॉन पाणी पितं, फुगतं. डेलरिन घ्या." डेलरिन म्हणजे एक कडक प्लॅस्टिक. बोहरी आळीतून त्याच्या रॉडचा तुकडा आणला. चाचांनी दोन पुल्या कातून दिल्या, एक बसवायला, एक डिकीत ठेवायला. मजुरी, रॉड आणि बेअरिंगं धरून सहाशेच्या आत. गेले काही आठवडे ती पुली बसली आहे आणि मूळच्या पुलीपेक्षा आवाज कमी आहे. म्हणजे हे दुखणं पहिल्या दिवसापासून ६०० रुपयांचंच होतं.

पुलीपुराण पुरे. गाडी कशी आहे तेही सांगते.

चढावर मजा आहे. तोल सांभाळायचाच नाही, त्यामुळे सगळ्यात हलका गिअर टाकून चालत्या माणसाच्या वेगाने चढता येतं, मध्येच थांबून पाणी पिता येतं, पुन्हा सुटता येतं. चांदणी चौकाकडे जाताना गिअरवाल्या सायकलींवरची पोरं उभी राहून धापा टाकत असतात आणि मी खाली आभाळ बघत. सोसायटीत "आरामखुर्ची निघाली" म्हणतात, म्हणोत. मान, मनगटं, बूड, काही दुखत नाही.

उतारावर मात्र जपून. वळणावर वेग जास्त असेल तर आतलं चाक उचललं जातं, अंग आत झुकवावं लागतं. ब्रेक प्रत्येक चाकाला वेगळा, एकाच हाताने दाबला तर गाडी त्या बाजूला ओढते. आणि पार्किंग ब्रेक लावल्याशिवाय उतरू नका. स्टँड नावाची वस्तू नसते, गाडी निघून जाते.

खड्ड्यांबद्दल कुणी आधी सांगितलं नव्हतं. दोन चाकांवर खड्डा चुकवता येतो. इथे तीन रेघा आहेत. पुढची दोन चाकं खड्ड्याच्या दोन्ही बाजूंनी अलगद काढली, की मागचं मधलं चाक बरोब्बर त्यात. यावर उपाय नाही, फक्त मागचं टायर जाडजूड घ्या. गतिरोधकांचं तसंच. भारतीय रस्ते काँग्रेसच्या नियमात तो १० सेंटीमीटर उंच आणि ३.७ मीटर रुंद असतो, तेवढ्यावरून गाडी सहज जाते. पण आपल्याकडे गल्लीत जे हौशी उंचवटे रातोरात उगवतात, त्यावर पोट घासतं, आणि पोटाशी काय असतं? आयडलर. असो.

टायर-ट्यूबची चिंता वाटत होती, ती फुकट. पुढच्या चाकाचा आकार ४०६ आहे, म्हणजे लहान मुलांच्या २० इंची सायकलचाच. कोपऱ्यावरच्या पंक्चरवाल्याकडे ट्यूब मिळते. त्यात आणखी सुख म्हणजे पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, चाक न काढता पंक्चर निघतं. तो तर खूश असतो, "काकू, सगळ्या सायकली अशाच का करत नाहीत?"

आता मी काय काय जोडलं ते. पहिलं आणि सगळ्यात महत्त्वाचं, टाचेचे पट्टे. पाय पुढे अधांतरी असतात. वेगात पायडलवरून पाय घसरला, तर टाच जमिनीला टेकते आणि गाडी तुमच्याच पायावरून पुढे जायला बघते, पाय आडव्या दांड्याखाली ओढला जातो. हाड मोडतं. क्लिपचे महागडे बूट घ्यायची गरज नाही. दप्तरं शिवणाऱ्याकडून नायलॉनची पट्टी आणि वेल्क्रो लावून टाचेमागून जाणारे फासे करून घेतले, दीडशे रुपये जोडी. एक वेळ दिवा नसला तरी चालेल, पण हे हवेतच.

आरसा एकच होता आणि तोही डावीकडे, कारण जर्मनीत गाड्या डावीकडून ओलांडतात. तो उजवीकडे नेला, डावीकडे रिक्षाचा एक जुना लावला. पडल्या पडल्या मान मागे वळत नाही, त्यामुळे हे दोन आरसे म्हणजेच मागचे डोळे. मागचा दिवा सीटच्या पाठीशी फार खाली येतो, म्हणून एक हेल्मेटवर लावलाय.

आणि झेंडा. सीट जमिनीपासून जेमतेम फूटभर. सिग्नलला शेजारी एसयूव्ही उभी राहिली की माझं डोकं तिच्या दाराच्या कडीशी. ड्रायव्हरला मी दिसणं शक्यच नाही. म्हणून फायबरच्या लवचिक काठीवर झेंडा. कंपनीचा झेंडा केशरी, तिकोनी. जर्मनीत तो फक्त झेंडा असेल. पुण्यात तो भगवा होतो. पालख्या मुक्कामाला होत्या तेव्हा लक्ष्मी रस्त्याच्या तोंडाशी एका गृहस्थांनी हात जोडून "चला माउली, पुढं चला" म्हणत ट्रॅफिक अडवून मला वाट करून दिली आणि हातावर राजगिऱ्याचा लाडू ठेवला. मला संकोच वाटला, म्हणून झेंडा बदलून पोपटी फ्लुरोसंट लावला. तो लांबून जास्त उठून दिसतो, यात शंका नाही. पण पोपटी झेंड्याला लोक हॉर्न मारतात, केशरी दिसला की गाडी बाजूला घेतात. आता वर केशरी, खाली पोपटी. काठी मात्र पूर्ण लांबीची ठेवू नका, केबलच्या लोंबत्या वायरी आणि मांडवाचे दोर यात अडकते. मी पावणेदोन मीटरवर कापली.

जाळीच्या सीटचं उन्हाळ्यात मी सगळ्यांपाशी कौतुक केलं होतं, पाठीला घाम येत नाही म्हणून. पावसाळ्यात ते मागे घेते. खालून उडणारं पाणी त्याच जाळीतून पाठीला येतं. मागच्या चाकाला मडगार्ड असूनही. प्लॅस्टिकचा जुना टेबलक्लॉथ कापून आतून बांधलाय, दिसायला दळभद्री पण काम होतं.

एवढं सगळं गाडीला जोडून झालं, तरी जिथे सुरक्षित चालवता यावी तिथेच ती शिरत नव्हती. पुण्याचा सायकल आराखडा २०१७ मध्ये मंजूर झाला, कागदावर ८०० किलोमीटरच्या वरचं जाळं. आमच्या जवळ सायकल ट्रॅकचा जो तुकडा आहे त्याच्या तोंडाशी लोखंडी खुंट. शिंप्याची टेप घेऊन मोजलं: दोन खुंटांत ७४ सेंटीमीटर. माझी गाडी ८२. ॲक्टिवा साधारण ७०! म्हणजे ज्या स्कूटरला अडवायला खुंट ठोकले ती ऐटीत आत जाते आणि सायकल बाहेर राहते. यात चलाखी करायला जागाच नाही, साधं मापाचं गणित आहे: व्हीलचेअरला ९० सेंटीमीटर लागतात, तेव्हा खुंट रोवून स्कूटर अडवायची आणि व्हीलचेअर सोडायची, हे होणारच नाही. ब्रिटनच्या परिवहन खात्याने जुलै २०२० च्या एलटीएन १/२० या मार्गदर्शिकेत रस्ता आखायला गृहीत धरलेली सायकल २.८ मीटर लांब आणि १.२ मीटर रुंद आहे, आणि खुंटांमध्ये दीड मीटर सोडा म्हटलंय. तीनचाकी, मालवाहू सायकल, मुलांची जोडगाडी, हाताने चालवायची अपंगांची सायकल, सगळ्या त्यात बसतात. तिथेही जुने अडसर हजारोंनी आहेतच, पण निदान माप तरी ठरलंय. आपल्याकडे २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा आहे, खुंट ठोकणाऱ्याच्या खिशात टेप नाही.

एका कार्यालयात अर्ज दिला. ट्रॅक कुठला, साहेब कोण, ते सांगत नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, खुंट काढले तर टू-व्हीलर घुसतील." मी म्हटलं, "आत्ता काय करतात?" त्यांनी खिडकीतून बाहेर बघितलं. खाली त्यांच्याच कार्यालयाची स्कूटर फुटपाथवर होती.

हे इथवर लिहून ठेवलं होतं, तेवढ्यात दोन गोष्टी घडल्या. मधला एक खुंट निघाला. कुणी काढला, अर्जामुळे की टेम्पोच्या धडकेने, कळायला मार्ग नाही, पण खड्ड्यात ताजं सिमेंट आहे म्हणजे कागद कुठेतरी हलला असावा. आता मी आत जाते. तिथे भेळेची गाडीही उभी राहू लागली आहे, पण भेळवाला सांगितलं की सरकतो, आणि खुंट सरकत नव्हता. दुसरी गोष्ट, विक्रेत्याचा मेल आला: असेंब्ली स्टॉकमध्ये आली आहे, आता साडेपंधरा हजार.

घ्यावी का? तोलाचा, पाठीचा, मानेचा त्रास असेल आणि घराखाली तळमजल्यावर ठेवायला दोन मीटर जागा असेल तर जरूर. लिफ्टमध्ये मावत नाही. हौस म्हणून घेणार असाल तर त्या पैशात चांगली सायकल येते.

पुली कातून घ्यायची असेल तर मापं लिहून घ्या, ९ स्पीडच्या साखळीसाठी: डेलरिन, बाहेरचा व्यास ६० मिमी, जाडी १६, चर ८ मिमी रुंद आणि ७ खोल, दात नकोत. दोन्ही बाजूंनी एकेक ६०८ बेअरिंग, मध्ये २ मिमीची कडी, बोल्ट ८ चा. दुकानात '६०८-२आरएस' असं स्पष्ट मागा आणि घेताना कडेला नख लावून बघा. काळं रबर लागलं पाहिजे. चकचकीत पत्रा लागला तर तिथल्या तिथे परत द्या.