डोळ्यांदेखत चुकलेले : 'प्रोफोंदो रोस्सो'

इटालियन दिग्दर्शक दारिओ आर्जेंतो यांचा १९७५ सालचा 'प्रोफोंदो रोस्सो', म्हणजे शब्दशः 'गडद लाल', हा इटलीतील 'जाल्लो' प्रकारच्या सर्वांत नावाजलेल्या चित्रपटांपैकी एक आहे. 'जाल्लो' म्हणजे पिवळा. मोंदादोरी या प्रकाशनसंस्थेने १९२९पासून रहस्यकथा पिवळ्या मुखपृष्ठांत काढायला सुरुवात केली आणि मुखपृष्ठाचा रंग हेच पुढे प्रकाराचे नाव होऊन बसले. पडद्यावर या प्रकाराची घडी दिग्दर्शक मारिओ बाव्हा यांनी साठच्या दशकात बसवली : काळे हातमोजे घातलेला, चेहरा न दिसणारा खुनी, श्रीमंती घरे, निगुतीने चित्रित केलेल्या हत्या आणि गुन्ह्यात योगायोगाने ओढला गेलेला एखादा परका माणूस. हा सगळा ऐवज 'प्रोफोंदो रोस्सो'मध्ये आहेच. परंतु आर्जेंतो यांनी त्याच्या मुळाशी एक साधा प्रश्न ठेवला आहे, आणि चित्रपटाची खरी ताकद त्या प्रश्नात आहे.

मार्कस डेली हा इटलीत राहणारा इंग्रज जॅझ पियानोवादक. एका रात्री चौकातून जात असताना वरच्या मजल्यावरील खिडकीत त्याला एका बाईचा खून होताना दिसतो. तो धावत वर जातो, भिंतीवर चित्रे टांगलेल्या बोळातून पुढे सरकतो आणि मृतदेहापर्यंत पोहोचतो. नंतर त्याला वाटू लागते की त्या बोळात आपण काहीतरी पाहिले होते आणि आता ते तिथे नाही. एखादे चित्र कुणी हलवले का? पुढचा सगळा शोध या एका चुटपुटीतून उगवतो. मार्कसच्या भूमिकेसाठी डेव्हिड हेमिंग्ज यांची निवड सहज झालेली वाटत नाही, कारण १९६६ साली दिग्दर्शक अंतोनिओनी यांच्या 'ब्लो-अप'मध्ये छायाचित्रात खून सापडल्याची शंका येणारा छायाचित्रकार त्यांनीच साकारला होता.

या बोळाच्या दृश्यात आर्जेंतो प्रेक्षकाशी जसा सरळ व्यवहार करतात तसा रहस्यपटांत क्वचितच दिसतो. मार्कसला जे दिसले ते आपल्यालाही दिसलेले असते. ते लपवलेले नसते, अंधारात ठेवलेले नसते, फक्त आपण त्या क्षणी मृतदेहाकडे जाण्याच्या घाईत असतो. उलगडा झाल्यावर फसवले गेल्याचा राग येत नाही, स्वतःच्या डोळ्यांचाच राग येतो.

कथा रोममध्ये घडते असे मानायचे असले तरी चित्रीकरण बरेचसे तोरिनो (ट्युरिन) शहरात झाले आहे, आणि त्या शहराची थंड, रुंद, माणसांविना ओकीबोकी वाटणारी वास्तुरचना चित्रपटाला हवा तो परकेपणा देते. पो आणि दोरा या नद्यांच्या मूर्ती असलेल्या कारंज्यांचा चौक आणि त्याला लागून खास उभारलेला बार पाहावा. अमेरिकन चित्रकार एडवर्ड हॉपर यांच्या 'नाइटहॉक्स' या १९४२ सालच्या चित्रावरून तो बार बेतलेला आहे, आणि काचेमागची माणसे चित्रातल्यासारखीच निश्चल बसलेली असतात. जी गोष्ट चित्र आणि वास्तव यांतील गफलतीवर उभी आहे तिच्यात एक अख्खे चित्र रस्त्यावर आणून ठेवावे, ही कल्पना मला फार आवडली. लुईजी कुव्हाइलर यांचा कॅमेरा खेळण्यांवरून, गोट्यांवरून, सुऱ्यांवरून इतक्या जवळून सरकतो की त्या वस्तूंचा आकारच कळेनासा होतो. खुनाच्या दृश्यांत दिसणारे हातमोज्यांतले हात स्वतः आर्जेंतो यांचे आहेत.

हत्यांविषयी थोडे सावधपणे सांगायला हवे, कारण त्या नक्कीच क्रूर आहेत. त्या अंगावर येतात याचे एक कारण असे की त्यांतील वेदना घरगुती आहेत. गोळी लागणे म्हणजे काय हे बहुतेकांना ठाऊक नसते; उकळत्या पाण्याचा चटका आणि टेबलाच्या कोपऱ्यावर आपटलेले तोंड मात्र प्रत्येकाला ठाऊक असते. न्हाणीघरातील हत्येत मरणारी बाई वाफेने दमट झालेल्या भिंतीवर बोटाने काहीतरी लिहिते. वाफ विरते, अक्षरे नाहीशी होतात. आणि पुढे कुणीतरी तिथेच गरम पाण्याचा नळ सोडतो तेव्हा ती पुन्हा उमटतात. एवढी साधी युक्ती, पण चित्रपटाचा सगळा आशय तिच्यात आहे.

संगीत आधी जॉर्जो गास्लीनी यांच्याकडे होते. मग गॉब्लिन या रॉक गटाने त्यात हात घातला, आणि ऑर्गन, बास व ड्रम्स यांनी घडवलेली त्यांची मुख्य धून चित्रपटाइतकीच प्रसिद्ध झाली. ती परिणामकारक आहे, पण कुठे थांबावे हे तिला कळत नाही. रिकाम्या वाड्यात मार्कस एकटाच भिंतीवरचा गिलावा खरवडत असतो, तिथे नखांचा आणि श्वासाचा आवाज पुरेसा झाला असता. वाद्यांचा गजर भीतीला मदत करण्याऐवजी तिच्यावर स्वार होतो. त्याउलट खुनाआधी वाजणारे लहान मुलांचे गाणे दर वेळी अचूक काम करते.

उणिवांपैकी सर्वांत मोठी तर्काची. मार्कस पुढे कुणाला भेटणार हे खुन्याला प्रत्येक वेळी आधीच कळलेले असते, आणि ते कसे याचे पटेल असे उत्तर मिळत नाही. पहिल्या बळीची दुसऱ्याचे मन वाचण्याची शक्ती सुरुवातीच्या सभागृहातील प्रसंगात अतिशय प्रभावीपणे मांडली जाते, आणि मग पटकथा ती जवळजवळ विसरून जाते. एका प्राध्यापकाच्या खोलीत अचानक चालत येणारी यांत्रिक बाहुली हा चित्रपटातील सर्वांत दचकवणारा क्षण असेल, पण तिचे तिथे काय काम, हे विचारण्यात अर्थ नाही. पोलीस तर सँडविच खाण्यापुरतेच आहेत. आर्जेंतो यांच्याकडे स्वप्नाचा तर्क असतो, असा बचाव नेहमी केला जातो. तो मला अर्धाच मान्य आहे, कारण हा चित्रपट पुरावे जुळवायला आपल्याला स्वतःहून बोलावतो.

दुसरा प्रश्न लांबीचा. मूळ इटालियन आवृत्ती दोन तासांहून थोडी अधिक आहे, तर परदेशांसाठी काढलेल्या आवृत्तीत सुमारे वीस मिनिटे कापली गेली. कात्री प्रामुख्याने मार्कस आणि पत्रकार जान्ना यांच्या विनोदी प्रसंगांवर चालली. मधला तास रेंगाळतो हे खरे आहे. तरीही जान्नाच्या खटारा गाडीत मार्कसची सीट खाली बसलेली असते आणि तो डॅशबोर्डखालून मान उंचावून तिच्याशी बायकांच्या दुबळेपणावर वाद घालतो, तेव्हा दारिया निकोलोदी यांचा हजरजबाबी अभिनय त्या पुरुषी तोऱ्याची जी रेवडी उडवतो, ती कापून टाकणाऱ्याला चित्रपट कळलाच नव्हता असे म्हणावेसे वाटते. लहान आवृत्ती वेगवान आहे, पण तिच्यात उरतात ती एकामागून एक प्रेते. म्हणून पाहायची तर पूर्ण आवृत्तीच पाहावी. इंग्रजी ध्वनीसह पूर्ण आवृत्ती घेतल्यास, कापलेल्या भागांचे इंग्रजी डबिंग उपलब्ध नसल्याने पात्रे मधूनच इटालियन बोलू लागतात; ते खटकत असेल तर सरळ इटालियन ध्वनी आणि उपशीर्षके घ्यावीत. डबिंगमुळे ओठ आणि आवाज यांचा मेळ दोन्हींकडे थोडा चुकतोच, कारण त्या काळच्या इटालियन चित्रपटांत आवाज नंतर भरण्याचीच रीत होती.

शेवट पाहून झाल्यावर मी चित्रपट मागे नेला आणि बोळाचे ते दृश्य पुन्हा लावले. या वेळी घाई नव्हती. मार्कस चित्रांजवळून पुढे सरकला, कॅमेरा त्याच्या बरोबर सरकला, आणि जे तिथे नव्हते अशी माझी पक्की खात्री होती ते डाव्या-उजव्या चौकटींच्या मध्ये निवांत होते. पहिल्या खेपेला मी त्याच्याकडे पाहिलेही होते.